दर दोन हातांवर

६ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद. खुशाली विचारायला आज सवड नाही, तेव्हा तू खुशाल आहेस असं धरून चालते.

या साथीच्या तापानं आज सकाळच्या पाळीत आमच्या टेबलावरून चार माणसं उचलून नेली. चालत आली होती, झोपवून नेली. करवतवाला तर माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. मला वाटलं, बुटाचा बंद बांधतोय. मग तो तसाच कलंडला. मालाचा सरकता पट्टा काही थांबला नाही. त्याच्या वाटणीचे मांसाचे फरे पुढे येत राहिले आणि धपाधप जमिनीवर पडायला लागले. मुकादम धावत आला, आणि पहिलं काय ओरडला असेल? "चार हात कमी झाले! सरका, जागा भरून काढा!" आणि आम्ही सरकलो रे. बावीस वर्षांची सवय. सरकल्यावर मला कळलं, की आपण करवतवाल्याच्या घामावर उभे आहोत.

मी अजून सुन्न आहे. हात धुतले, पुन्हा धुतले.

आता आम्ही चाळीस हात उरलो. फोन करू नकोस. मागच्या वेळी तू अर्धा तास बोललास आणि मला फक्त 'हॅलो' आणि 'ठेवतो' एवढंच कळलं. करवतीशेजारी उभं राहून कानांची वाट लागली आहे. लिहून पाठव, म्हणजे मला कळेल आणि तुलाही जरा मोजून-मापून बोलावं लागेल.

तू आरोग्य खात्यात बसतोस म्हणून सांगते, इथे काय चाललंय ते नीट ऐक. तोंडाला बांधायला एकच फडकं देतात. वाफ आणि गारठा यात ते पाव तासात चिंब होतं, मग नाकाला चिकटतं, मग माणूस ते खाली ओढतो. हात धुवायला दोन नळ, त्यातला एक गळका. कोणाला काही सांगायचं तर कानातला बोळा काढून त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, नाहीतर ऐकूच येत नाही. आणि आम्ही सगळे जोडीनं काम करतो. माझी जोडीदारीण तुला माहीत आहे, डावरी. मी उजवीकडे, ती माझ्या डाव्या अंगाला. माझी सुरी उजव्या हातात, तिची डाव्या. मधले दोन हात, माझा डावा आणि तिचा उजवा, एकच फरा धरतात आणि बाहेरचे दोन हाडावरून मांस सोडवतात. खांद्याला खांदा लागल्याशिवाय हे जमत नाही. अकरा वर्षांत तिची सुरी मला एकदाही लागली नाही. लागलीच तर तिची बडबड लागते.

तुझ्या खात्यात कोणी जागं असेल तर त्याला हलव. कोणी नसेल तर तू जागा हो.

तुझी,
ताई


११ एप्रिल

ताई,

नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि जेवण गेलं नाही. करवतवाला खाली बसला ते आणि पट्टा चालूच राहिला ते, या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी इथे खिडकीपाशी पंख्याखाली बसून 'बाधित', 'संशयित' असे रकाने भरत असतो. त्या रकान्यात तू उभी असशील असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तुझं पत्र मी साहेबांपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि म्हणाले, "मांसाच्या कारखान्यांसाठी वेगळी सूचना काढू. मसुदा तू कर." ताई, बारा वर्षांत पहिल्यांदा मला कोणी आपलं डोकं चालवून लिहायला सांगितलं! आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या वाक्यांना स्वल्पविराम लावत होतो.

साहेबांनी जुन्या सूचनेतला एक नमुना दिला होता. त्यात 'एक मीटर अंतरावर विभाजक पृष्ठभाग उभारण्यात यावेत' अशी भाषा. मी म्हटलं, साहेब, हे वाचून माणूस दम लागूनच मरेल. टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईला कळेल असं लिहू. ते म्हणाले, लिही. मग मी सगळं सोपं केलं. फडकी दर तासाला कोरडी द्यावीत. नळ वाढवावेत. कानाशी तोंड नेऊ नये, खुणांनी बोलावं. ताप असेल त्यानं घरी राहावं, त्याची जागा त्याच्यासाठी राखावी. आणि मधे प्लॅस्टिकचे पडदे लावावेत.

पडद्याच्या वाक्यात मी तुझा एक शब्द चोरलाय. कोणता ते सांगत नाही. कारखान्यात कागद आला की तूच ओळख. ओळखलास तर तू अजून माझी मास्तरीण.

डावरीला म्हणावं, बडबड जरा आवरती घे. आता ती वैद्यकीय बाब आहे.

तुझा,
धाकटा


१९ एप्रिल

धाकट्या,

ओळखला! अरे, बघताक्षणी ओळखला.

चार दिवसांपूर्वी कागद आला. मुकादमानं तो भिंतीवर चिकटवला, पुढे उभं राहून वाचला, डोकं खाजवलं आणि थेट माझ्याकडे आला. इथे मलाही सगळे मास्तरीणच म्हणतात, सारखी तुला पत्रं लिहिते म्हणून. म्हणाला, "मास्तरीणबाई, हे काय लिहिलंय बघा. 'कामाच्या टेबलावर दर दोन हातांवर एक पडदा लावावा.' दोन हातांवर म्हणजे कसं?" मी हातातली सुरी खाली ठेवली आणि छाती पुढे काढून सांगितलं, "कसं म्हणजे काय? माझ्या भावानं लिहिलंय ते. आपले हात. दर दोन हातांना एक पडदा." मुकादम खूश झाला. म्हणाला, सरकारी कागदावर आपली भाषा पहिल्यांदाच बघतोय. त्यानं लगेच आकडा काढला. चाळीस हात, वीस पडदे. संध्याकाळपर्यंत लागलेसुद्धा.

तुला शिंगं फुटतील म्हणून जपून लिहिते, पण मला खरंच कौतुक वाटलं. मुकादमाचं ओरडणं मी पत्रात लिहिलं आणि तू तोच शब्द उचललास. मोठ्या लोकांचे शब्द आम्ही कायम शिकत आलो. आमचा शब्द कोणी घ्यावा, याचं अप्रूप आहे.

पडदा म्हणजे काय, न्हाणीघराला लावतात तसा जाड प्लॅस्टिकचा, छतापासून जमिनीपर्यंत, मागून आणि दोन्ही बाजूंनी गुंडाळलेला. समोर फक्त पट्टा. मी आणि डावरी एका पडद्यात. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आम्हाला 'नवं जोडपं' म्हणून चिडवून घेतलं. डावरी म्हणाली, "नवऱ्यानं कधी वेगळी खोली दिली नाही, कारखान्यानं दिली."

आणि एक गंमत सांगू? पडद्यानं आवाज अडतो. करवतीचा कर्कश आवाज निम्म्यावर आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला डावरी काय बोलते ते ऐकू येतंय! मला वाटायचं, ही कामाचंच बोलत असणार. कसलं काय! ही बाई इतकी वर्षं मला तिच्या सासूच्या तक्रारी सांगत होती आणि मी माना डोलवत होते. आता आम्ही दिवसभर बोलतो. फडकी ओली झाली की खाली ओढतो, कारण आत दुसरं कोणी नाही. तुझ्या त्या दर तासाच्या कोरड्या फडक्यांचा पत्ता नाही, पण पडदा आहे म्हणून कोणाची तक्रारही नाही.

बाकी ठीक. डावरीला थोडा खोकला आहे, गारठ्याचा. तिला घरी राहा म्हटलं तर म्हणते, मी राहिले की तुला शीतघरात टाकतील, जोडी मोडली की तेच करतात. तिचं खरं आहे. माझे गुडघे शीतघरात दोन दिवस टिकणार नाहीत.

तुझी,
ताई


२४ एप्रिल

ताई,

नमस्कार. होय, 'हात'च! बरोबर ओळखलंस. तुला ओळखता येणार नाही असं होणारच नव्हतं, तुझ्याकडूनच तर शिकलो.

आज तुमच्या कारखान्याचा पूर्तता अहवाल माझ्या टेबलावर आला. 'चाळीस हात, वीस पडदे. सूचनेनुसार.' चाळीसाला दोननं भागलं, वीस आले, मी सही केली. इतका नीटनेटका अहवाल आजवर कोणत्याच सूचनेवर आला नव्हता. साहेबांनी तो दाखवून बाकीच्यांना सांगितलं, असं काम करा. आता हीच सूचना आणखी अकरा कारखान्यांना गेली आहे, जशीच्या तशी. माझा एक शब्दही कोणी बदलला नाही. घरी बायको म्हणाली, जमिनीवर चाला जरा.

डावरीच्या खोकल्याचं मला बरं वाटलं नाही. पण तुमच्या दोघींच्या मधे आता पडदा आहे, त्यामुळे काळजीचं कारण कमी. पडद्याआडून काय गप्पा मारायच्या त्या मारा. तरी तिला घरी बसव. जागा राखायची असं सूचनेत मीच लिहिलंय, मुकादमाला वाचून दाखव.

तुझा,
धाकटा


३ मे

धाकट्या,

डावरी पडली.

परवा, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. फरा मी धरला होता, तिनं धरला होता. तिचा हात निसटला. मी म्हटलं, "लक्ष कुठंय गं?" तिनं माझ्याकडे बघितलं, पण मी कोण ते तिला कळलं नसावं. मग ती पडद्यावर गेली, पडदा कड्यांसकट खाली आला, आणि ती त्यात गुंडाळली गेली. मी तो सोडवायला लागले तर मुकादम ओरडला, हात लावू नका. मी लावला. तिचं अंग तव्यासारखं भाजत होतं. एवढा ताप घेऊन ती सकाळपासून माझ्या खांद्याशी उभी होती आणि मला सासूची गोष्ट सांगत होती.

तिला ऑक्सिजन लावलाय. भेटू देत नाहीत.

मला काही कळेनासं झालंय. तुझा नियम इथे अक्षरशः पाळला. दुसरं काही झालं नसेल, पण पडदे झाले. आणि पडदे लागल्यापासूनच जास्त माणसं जायला लागली. चाळीस हातांचे सव्वीस उरलेत. गेली तीही कशी, जोडीजोडीनं. एक गेला की तीन-चार दिवसांत त्याच पडद्यातला दुसरा. सहा पडदे अख्खे रिकामे पडलेत. दोन पडद्यांत एकेक हात उरलाय, त्यातली एक मी. सगळे माझ्याकडे बघतात. आता माझी पाळी, असं कोणी बोलत नाही, पण बघतात.

तू शिकलेला आहेस. असं का होतंय ते मला सांग.

ताई


५ मे

ताई,

हे पत्र आमच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. तो थांबेल. पण वाचण्याआधी पहिलं काम कर: त्या पडद्यातून बाहेर ये. रिकामा असला तरी. आधी बाहेर ये, मग वाच.

तुझं पत्र आज दुपारी आलं. 'चाळीस हातांचे सव्वीस उरलेत' या ओळीवर मी थांबलो. पुन्हा वाचली. मला वाटलं, तुझी लिहिण्यात चूक झाली. कारण टेबल आटत नाही, ताई. चाळीस हात लांबीचं टेबल सव्वीस हात कसं होईल?

मग तुझं पहिलं पत्र काढून शेजारी ठेवलं.

मी टेबलावरचं अंतर लिहिलं होतं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तू माझ्या शाळेच्या गणवेशाचं कापड मोजायचीस तो हात. दुकानदाराच्या पट्टीवर तुझा विश्वास नसायचा, तू आपला हात लावून मोजायचीस आणि त्याला म्हणायचीस, "अर्धा हात कमी भरतंय." तोच शब्द मी चोरला होता. मीटर कोणाला कळणार नाही, हात सगळ्यांना कळेल, असं साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. दर दोन हातांवर पडदा, म्हणजे प्रत्येक माणसाच्या दोन्ही बाजूंना पडदा. एका पडद्यात एक माणूस.

आणि तुम्ही हात म्हणजे माणूस वाचलंत. दर दोन माणसांना एक पडदा.

यात तुमची काय चूक? तुझ्या पहिल्याच पत्रात होतं, 'चार हात कमी झाले, सरका.' मी ते वाचलं होतं. नंतर तू लिहिलंस, मी आणि डावरी एका पडद्यात. मी वाचलं आणि मनात तुमच्या मधे पडदा घालून टाकला. तू स्पष्ट लिहिलं होतंस आणि मी आपल्याच खुशीत होतो. वर सही केली. 'हातच, बरोबर ओळखलंस' असं शाबासकी देऊन कळवलं.

दोघादोघांना बंद खोलीत कोंडलं मी, ताई. उघड्यावर होतात तेव्हा निदान वारा तरी होता.

मी लगेच तुमच्या कारखान्यात फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सूचनेत आहे तसंच केलंय, तुमचीच सही आहे." त्यानं लेखी मागितलंय. या पत्राबरोबर लेखी आदेश आहे, तो मुकादमाच्या हातात दे. बाकीच्या अकरा ठिकाणी फोन लावतोय. शेजारचा माणूस आकडे फिरवून देतो, मी बोलतो.

डावरी कशी आहे ते कळव. माझ्यावर रागव, शिव्या दे, पण कळव.

धाकटा


६ मे

धाकट्या,

ड्रायव्हर चहा पितोय तोवर लिहिते.

पत्र वाचलं. मुकादमानं विचारलं, काय झालं?  आदेश त्याच्या हातात दिला आणि टेबलाच्या टोकाला गेले. कोपर टेकवलं, बोट ताणलं, खूण केली, पुन्हा कोपर टेकवलं. सगळे बघत होते. कोणीतरी हसलं, मास्तरीणबाईंचं डोकं फिरलं म्हणून. या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐंशी हात भरलं. वर चार बोटं.

ऐंशी, धाकट्या. चाळीस माणसांना प्रत्येकी दोन हात. जागा होती रे! पहिल्या दिवसापासून होती. आम्ही जोडीनं चिकटून उभे राहायचो आणि दोन जोड्यांच्या मधे टोपल्या ठेवायचो, म्हणून ती कोणाला दिसली नाही. टोपल्या उचलून मागे ठेवायला अर्धा तास लागला.

आता माझं ऐक. तू सगळं आपल्याकडे घेतोयस, ते मला चालणार नाही. मुकादमाला कळलं नव्हतं. तो माणूस प्रामाणिकपणे विचारायला आला होता. त्याला मी सांगितलं, छाती पुढे काढून, भावाच्या कौतुकात. मी एवढं म्हटलं असतं की 'थांब, त्याला विचारून सांगते', तर वीस पडदे लागले नसते. आणि कापड मोजायची आठवण मला यायला हवी होती. मीच मोजायचे ना? इथे बावीस वर्षं हात म्हणजे माणूस ऐकून ऐकून माझा स्वतःचा हात मी विसरले. तू मला शिव्या दे म्हणतोस. तुला देऊ की मला, याचा निकाल मला लागत नाही. तरी राग आलाय, आणि तो तुझ्यावरही आहे, हे लपवत नाही. शब्द चोरलास तर कोणता ते सांगायचं होतंस. कोडी घालायची ही वेळ होती?

डावरी बोलत नाही. नळी घातली आहे.

नवा कागद काढशील त्यात हात हा शब्द घालू नकोस. मीटरही नको, फूटही नको. माणूस लिही. एका माणसाला एक पडदा, असं लिही. ते कोणाला चुकीचं वाचता येणार नाही.

ताई


१२ मे

ताई,

नवी सूचना निघाली. 'एका माणसाला एक पडदा. शेजारच्या दोन माणसांच्या मधे पडदा असलाच पाहिजे. जोडीनं काम बंद. पट्टा हळू चालवावा. फडकं दर तासाला बदलावं. ताप असलेल्याची जागा राखावी, आणि त्याच्या जोडीदाराला दुसरीकडे पाठवू नये.' शेवटचं वाक्य डावरीसाठी घातलंय. खाली एक चित्रही काढलंय, मी स्वतः. चित्रातली माणसं बटाट्यासारखी दिसतात, पण प्रत्येक बटाटा वेगळ्या पडद्यात आहे.

साहेबांनी चौकशीच्या कागदावर आधी लिहिलं होतं, 'सूचनेचा अर्थ लावण्यात कामगारांकडून चूक झाली.' मला म्हणाले, सही कर, विषय मिटेल. मी केली नाही. मी लिहून दिलं, की शब्द माझा होता, त्याचे दोन अर्थ होत होते, आणि कारखान्यातल्या माझ्या बहिणीनं मला पत्रातून दुसरा अर्थ स्वच्छ कळवला असतानाही मी पूर्तता मान्य केली.  आता मला मसुद्यांवरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलंय. पाकिटांवर शिक्के मारतो.

अकरा कारखान्यांपैकी आठांनी कोपरानं मोजलं होतं. तिघांनी तुमच्यासारखंच माणूस वाचलं. म्हणजे तुझी एकटीची चूक नव्हती, एवढं तरी मनाला लावून घेऊ नकोस. त्या तिघांकडचे आकडे मी तुला कळवणार नाही. मला ते पाठ झालेत.

तू तपासणी करून घेतलीस का? तुझ्या पत्रात तू स्वतःबद्दल एक ओळसुद्धा लिहीत नाहीस.

धाकटा


२० मे

धाकट्या,

डावरी गेली. चौदा तारखेला. आम्हाला सोळाला कळलं.

काल तिची लेक फाटकाशी आली होती, तिच्या कपाटातल्या वस्तू न्यायला. फार काही नव्हतं. धार लावायची सळई, एक कंगवा, आणि लोखंडी जाळीचा हातमोजा. सुरी लागू नये म्हणून तो आम्ही फरा धरायच्या हातात घालतो. तिचा उजव्या हाताचा. इथे बाकी सगळे उजवे, त्यांना डाव्या हाताचा लागतो, त्यामुळे तो कोणाच्याच कामाचा नाही. लेकीनं तो मला दिला. म्हणाली, "आई घरी येऊन सांगायची, आता मास्तरीणबाईंना माझं सगळं ऐकू येतं." मी त्या पोरीपुढे रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

तिला मी सगळं सांगितलं. तुझा शब्द, माझं सांगणं, सगळं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हणजे एका शब्दानं?" मी हो म्हटलं. ती वस्तू पिशवीत घालून निघाली, आणि मीही तिला थांबवलं नाही.

माझी तपासणी झाली. मला काही नाही. का नाही, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

तुझा कागद भिंतीवर लागलाय, बटाट्यांसकट. चाळीस पडदे लागले, माणसं सव्वीसच आहेत, बाकीचे रिकामे लोंबतात. फडकी खरोखर दर तासाला मिळतात. पट्टा हळू चालतो. मुकादम सकाळी मोजायला आला आणि सवयीनं 'सव्वीस हात' म्हणाला. मग त्यानंच मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं, एकेकाच्या तोंडाकडे बघत.

मी माझ्या जागी उभी राहिले. पहिला फरा आला. मी तो डाव्या हातानं धरला आणि डावरीच्या बाजूला सरकवला. अकरा वर्षं तसाच सरकवलाय, मनात काही नव्हतं. तो पडद्याला लागून थांबला.

पडदा बरोबर जागी आहे, एवढंच तुला कळवायचं होतं.

ताई